टेकडीखालचे भाऊ, जहाजावरचे भाऊ

वार्षिक मेळाव्याची तारीख ठरवायला आपण बसलो की एक प्रश्न हमखास निघतो : मेळावा पुन्हा अ‍ॅमस्टेलव्हीनलाच कशाला? आपली माणसे आता द हेग, रॉटरडॅम, अल्मेरेपर्यंत पांगली आहेत. तिकडे सभागृह स्वस्त मिळेल, गाडी लावायची चिंता राहणार नाही. यावर वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते. संस्था इथे जन्मली, म्हणून वर्षातून एकदा इथे यायचे. तरुणांना एवढे उत्तर पुरत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. जन्मस्थानी परत यायचे ते कशासाठी, हे कोणीतरी सांगायला हवे.

आपली जी मुले इथल्या आउलेनस्टेडेच्या विद्यार्थी वसाहतीत राहून शिकतात, त्यांना ही कल्पना नवी नाही. डच विद्यार्थी संघटना दर पाच वर्षांनी 'लुस्ट्रम' साजरा करतात आणि जुने सभासद पिकल्या केसांनी आपल्या विद्यापीठाच्या गावी परततात. पण असा एक बंधुसंघ आपल्या मराठी मुलखातही होता. तोही एका कॉलेजच्या अंगणात जन्मला. त्याचे सभासदही वर्षातून एकदा त्याच जागी जमत. आणि त्या संघाचा आपल्या पूर्वजांच्या नशिबाशी फार जवळचा संबंध आला. आगमन शताब्दीच्या या स्मरणिकेत त्याची आठवण ठेवणे आपल्याला उचित वाटते.

त्याची जन्मतारीख १२ जून १९०५. जागा पुण्याची, फर्ग्युसन कॉलेजजवळची, टेकडीच्या पायथ्याची. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्या दिवशी आधी स्वतः शपथ घेतली आणि मग नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर व अनंत विनायक पटवर्धन या तिघांना दिली. भारत सेवक समाज उभा राहिला तो असा. पुण्यात आजही लोक त्याला सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी म्हणूनच ओळखतात.

गोखले मूळचे आपल्याच बाजूचे. त्यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरजवळच्या कोतळूक गावी झाला. मॉरिशसला गेलेल्या मराठी कुळांपैकी कितीतरी याच कोकणपट्टीतली. एकाच लाल मातीतून दोन वाटा फुटल्या. गोखले घाट चढून कोल्हापूर, पुणे, मुंबई असे शिकायला गेले. आपले पूर्वज मुंबई बंदरावरून जहाजात चढले. पुढे गोखल्यांनी अठरा-वीस वर्षे डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या सेवेत घालवली. तिच्या फर्ग्युसन कॉलेजात ते शिकवत, आणि आजन्म सभासदांनी तुटपुंज्या पगारावर वीस वर्षे शिकवायचे हा तिथला नेम होता. नवा संघ काढताना तीच रीत त्यांनी अधिक कडक केली.

सभासदाला सात शपथा घ्याव्या लागत. मनात देशाला पहिले स्थान द्यायचे. सेवेतून स्वतःचा लाभ पाहायचा नाही. जात-धर्म न पाहता सर्व हिंदी माणसांना भाऊ मानायचे. संस्था देईल त्यात स्वतःचे आणि कुटुंबाचे भागवायचे, जादा कमाईच्या मागे लागायचे नाही. खासगी आयुष्य शुद्ध ठेवायचे. कोणाशी वैयक्तिक भांडण करायचे नाही. आणि संस्थेचे हेतू नेहमी डोळ्यांपुढे ठेवायचे. उमेदवारीची पहिली पाच वर्षे अभ्यास आणि देशभ्रमण यांत जात. त्यानंतर सभासद मुंबई, मद्रास, नागपूर, अलाहाबाद असे कामाला विखुरत. जून आला की मात्र ते पुण्यात परतत आणि स्थापना दिनाच्या सुमारास वार्षिक सभा भरे. पावसाच्या तोंडावर, त्याच टेकडीखाली, वर्षभरात काय केले आणि पुढे काय करायचे याचा विचार होई. ज्या जागी शपथ घेतली तिथेच उभे राहून हिशेब द्यायचा, ही त्या परतण्यामागची गोष्ट होती.

या संघात शिरणे सोपे नव्हते. जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेचा लढा आटोपून परतले. त्यांनी संघात यावे अशी गोखल्यांची इच्छा होती. १९ फेब्रुवारीला गोखले गेले. गांधीजींना घ्यावे की नाही यावर सभासदांत दोन मते पडली. कामाची पद्धत वेगळी आहे, हे दोन्ही बाजूंना दिसत होते. शेवटी गांधीजींनी अर्ज मागे घेतला आणि दुरूनच स्नेह राखला. गिरमिटियांना सर्वांत जवळून ओळखणारा माणूस असा या संघाच्या दाराशी येऊन थांबला. आपल्याला याचे वाईट वाटते, तरी नावाच्या मोठेपणावर दार उघडले नाही, हेही नोंदवावे लागते.

आता आपल्या पूर्वजांकडे येऊ. 'सर्व हिंदी माणसे भाऊ' या शपथेत समुद्रापलीकडे उसाच्या मळ्यात राबणारा कुली बसतो की नाही? पुण्याच्या शिकलेल्या मंडळींनी याला नेहमी एकच उत्तर दिले नव्हते. गोखल्यांचे गुरू न्यायमूर्ती रानडे यांनी १८९३ मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत परदेशगमनावर निबंध वाचला. दारिद्र्याने गांजलेल्या देशातल्या माणसांना वसाहतींमध्ये रोजगाराची वाट मिळते, असा त्याचा सूर होता. याच रानड्यांनी तीन वर्षांपूर्वी जावातील डचांच्या शेतीपद्धतीवरही निबंध वाचला होता. त्यांची नजर दूरवर होती. पण ते पाहत होते देशाच्या अर्थव्यवहाराकडे. मळ्यावरच्या एकट्या माणसाचे काय होते, हा प्रश्न पुढच्या पिढीसाठी राहिला.

तो शिष्याने हाती घेतला. २५ फेब्रुवारी १९१० रोजी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोखल्यांनी नाताळसाठी होणारी करारी भरती बंद करण्याचा ठराव मांडला. तो मान्य झाला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती थांबली. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी पुढचे पाऊल टाकले : करारी मजुरीची पद्धतच बंद करा. आपण कशावर अंगठा उठवतो हे माणसाला समजत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. करार मोडला तर तो दिवाणी वाद न राहता गुन्हा ठरतो आणि मजूर तुरुंगात जातो, हा दुसरा. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवायच्या, या नियमाने संसाराची काय अवस्था होते, तेही त्यांनी मंडळापुढे ठेवले. ठरावाच्या बाजूने २२ मते पडली, विरुद्ध ३३. ठराव पडला.

पण विषय पडला नाही. मार्च १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांनी तोच ठराव पुन्हा आणला आणि सरकारला तत्त्वतः मानावा लागला. १९१७ मध्ये युद्धकाळात भरती थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही. गोखले तोवर हयात नव्हते. १९२२ मध्ये ब्रिटिश गयानातील मजुरांची स्थिती पाहायला जे शिष्टमंडळ गेले, त्यात त्यांच्या संघाचे व्यंकटेश नारायण तिवारी होते. टेकडीखालची शपथ अशी समुद्र ओलांडून गेली.

हे सगळे वाचून ऊर भरून येतो, तरी एक गोष्ट लपवू नये. आपल्या पूर्वजांना या ठरावाचा काही उपयोग झाला नाही. मॉरिशसची भरती त्याआधीच थांबली होती आणि आपली माणसे तर केव्हाच तिथे पोहोचली होती. त्यांनी कोणाची वाट पाहिली नाही. जहाजावरच त्यांनी आपला बंधुसंघ काढला. एका जहाजातून आलेले ते जहाजी भाई. इथले आपले सुरिनामी शेजारीही हाच शब्द वापरतात. १८७३ ते १९१६ या काळात ३४ हजारांहून अधिक माणसे कलकत्त्याहून सुरिनामला गेली आणि तिथेही हेच नाते जडले. जात मागे राहिली, गोत मागे राहिले. जहाजी भावाची मुले सख्ख्या भावंडांसारखी मानली गेली आणि त्यांच्यात सोयरीक टाळली गेली. या संघाला घटना नव्हती, कार्यालय नव्हते. स्थापनेच्या जागी परत जायचे म्हटले तर ती जागा म्हणजे जहाजाचा तळ, आणि ती जहाजे केव्हाच मोडीत निघाली. उरला तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. २००६ पासून तो जागतिक वारसा आहे, पण दर वर्षी तिकडे जाणे किती जणांना जमणार?

म्हणून अ‍ॅमस्टेलव्हीन. आपल्या जहाजी भावांच्या वारसांनी इथे पहिल्यांदा एकत्र येऊन नाव नोंदवले, तेव्हा आपल्यापुरता धक्का हाच. पण इथे येऊन पुरणपोळी खाऊन, गाणी ऐकून परत जाणे पुरेसे नाही. टेकडीखालचे भाऊ हिशेब द्यायला जमत. आपणही तसे जमावे.

यंदाच्या मेळाव्यासाठी आपण एक ठरवले आहे. जेवणापूर्वीचा एक तास नावांचा. प्रत्येक घराने आपल्या पहिल्या पूर्वजाचे नाव, बापाचे नाव, गाव, जहाज आणि आगमन क्रमांक उभे राहून वाचायचा. मॉरिशसच्या आगमन नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. सुरिनामच्या करारी मजुरांची नोंद द हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधता येते. त्यांत उंची असते, अंगावरची खूण असते, कधी गावाचे नाव साहेबाच्या कानाने ऐकून लिहिल्यामुळे ओळखूही येत नाही. ते ओळखायला कोकणातून अलीकडे आलेली इथली मराठी कुटुंबे मदत करतील. शताब्दी हा आपण सगळ्यांनी मिळून धरलेला आकडा आहे, प्रत्येक घराचे खरे साल त्या कागदावर आहे.

ज्यांना नोंद सापडली नसेल त्यांनीही यावे आणि जेवढे ठाऊक असेल तेवढे सांगावे. आजीने सांगितलेले एखादे गाव, एखादे टोपणनाव, तेही वहीत लिहून घेऊ. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच वहीत, पुढची ओळ भरायची आहे.