तार आणि वामनवृक्ष : एका साधनाचा इतिहास

जपानची 'बोन्साय' कला अतिप्राचीन आहे आणि फांद्यांना तार गुंडाळून त्यांस इष्ट वळण देणे हे तिचे मूळ अंग आहे, अशी दोन विधाने आपल्याकडील बागकामविषयक लेखनात बहुधा एका दमात केलेली आढळतात. पहिले विधान स्थूलमानाने खरे आहे. दुसरे मात्र इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. तारेचा सर्रास वापर या कलेत रूढ झाला तो मेजी काळाच्या (१८६८–१९१२) उत्तरार्धात. शेकडो वर्षांच्या परंपरेत तार ही कालपरवा आलेली पाहुणी आहे. या पाहुणीने घराची घडी कशी बदलली, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

कलेच्या प्राचीनतेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. चीनमध्ये तांग घराण्यातील राजपुत्र चांगह्वाय याच्या कबरीतील इ. स. ७०६ च्या भित्तिचित्रात सेवकांच्या हाती तबकातील लहानसा देखावा दिसतो. जपानमध्ये १३०९ च्या 'कासुगा गोंगेन गेन्की' या चित्रपटात कुंड्यांतील खुजी झाडे रेखाटलेली आहेत. त्या काळी अशा झाडास 'हाचि-नो-कि', म्हणजे 'कुंडीतले झाड', असे साधे नाव होते. याच नावाच्या प्रसिद्ध नो नाटकात एक दरिद्री सामुराई दारी आलेल्या प्रवासी भिक्षूस ऊब मिळावी म्हणून आपली आलुबुखार, चेरी आणि पाइन अशी तीन लाडकी झाडे जाळतो.

'बोन्साय' हा शब्द ज्या दोन चिनी लिपिचिन्हांनी लिहिला जातो, ती चिन्हे जपानी लेखनात आधीपासून होती. परंतु एदो काळात (१६०३–१८६८) त्यांचा उच्चार पुष्कळदा 'हाचिउए', म्हणजे 'कुंडीतील लागवड', असा देशी शब्दाने केला जाई. चिनी वळणाचा 'बोन्साय' हा उच्चार सर्वत्र रुळला तो मेजी काळात. देशी उच्चार सामान्य कुंडीकडे राहिला आणि चिनी उच्चार कलेकडे गेला. मराठी वाचकास ही घडामोड परकी वाटू नये. आपल्याकडेही 'पान' विड्यास जाते आणि 'पर्ण' कवितेस. आणि 'कुंडीतले झाड' या शब्दांनी ज्याचे समाधान झाले नाही, त्यानेच 'वामनवृक्ष' हा संस्कृत जोडशब्द घडविला असणार.

नाव बदलले त्याच सुमारास साधनही बदलले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तारेपूर्वी झाडास वळण देण्याचे मुख्य साधन म्हणजे दोरी. ताग, तसेच 'शुरो' नामक ताडवर्गीय झाडाचा काथ्या यांच्या बारीक दोऱ्या केल्या जात. दोरीचा स्वभाव असा की, ती केवळ ओढू शकते. तिचे एक टोक फांदीस बांधले, तर दुसरे बांधावयास खोड, मूळ, खुंटी किंवा कुंडीची कड असा काही आधार लागतो. आणि त्या दोन टोकांच्या दरम्यान फांदी धनुष्यासारखी वाकते. लहान अंतरात वळणे हवी असतील तर प्रत्येक वळणाला निराळी गाठ. चीनमधील यांगचौ येथील कारागिरांनी काथ्याच्या या गाठींत असे नैपुण्य मिळविले की, 'एका इंचात तीन वळणे' ही त्यांच्या शैलीची ओळखच होऊन बसली. दोरी दुबळी होती असे म्हणता येत नाही. तथापि इतक्या गाठी मारताना हात आपोआप नियमित नक्षीकडे वळतो. एदो काळात जपानात लोकप्रिय असलेल्या 'ताको-झुकुरी' घाटातील झाडांच्या फांद्या 'ताको', म्हणजे अष्टपादाच्या बाहूंसारख्या, नागमोडी दिसतात. आजच्या जपानी रुचीस तो घाट कृत्रिम वाटतो.

तारेस जपानीत 'हारिगाने' म्हणतात: 'हारि' म्हणजे सुई आणि 'काने' म्हणजे धातू. शब्द जुना आहे, वस्तूही अपरिचित नव्हती. पण ती स्वस्त व मुबलक झाली ती कारखानदारीच्या युगात. १८६९–७० मध्ये टोकियो व योकोहामा यांच्या दरम्यान विद्युत्-संदेशाच्या तारा ताणल्या गेल्या, तेव्हा लोकांनी त्या संदेशास 'हारिगाने-दायोरी', म्हणजे 'तारेवरचे पत्र', असे नाव दिले. आपल्याकडे तर पत्र हा शब्दही गळाला आणि नुसती 'तार' घरी येऊ लागली. २०१३ साली ती सेवा बंद होईपर्यंत ती येत राहिली. फांदीवरील तारेचे वर्णन १९१० सालच्या 'सान्यूएन बोन्साय-दान' या ग्रंथात येते. प्रारंभी जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार वापरीत. तांब्याची तार महाग पडे, म्हणून ती विशेष गुणवान झाडांसाठी राखून ठेवीत. हलकी ॲल्युमिनियमची तार त्यानंतर पुष्कळ काळाने आली.

दोरी आणि तार यांतील भेद असा की, तारेस बाहेरचा आधार लागत नाही. फांदीच्या जाडीच्या सुमारे तृतीयांश जाडीची तार साधारणपणे ४५ अंशांच्या कोनात गुंडाळीत नेतात, आणि मग फांदी बोटांनी हवी तेथे, हवी तितकी वळवितात. तांब्याची तार आधी आचेवर, जुन्या रीतीने भाताच्या पेंढ्याच्या जाळावर, तापवून मऊ करतात. वाकविताच ती पुन्हा कठीण होते आणि फांदीस धरून ठेवते. मेपलसारख्या नाजूक सालीच्या झाडांसाठी तारेवर कागद गुंडाळण्याची चाल आहे. पुढचे काम झाड स्वतः करते. वाकलेल्या स्थितीत नवे काष्ठ तयार होते: पाइनवर्गात वाकलेल्या फांदीच्या खालच्या अंगास दाब सोसणारे, रुंदपर्णी वृक्षांत बहुधा वरच्या अंगास ताण धरणारे. काही महिन्यांनी वळण स्थिरावते. फांदी जाड होऊन तार सालीत रुतण्यापूर्वी ती काढावी लागते. आणि उलगडताना कोंब दुखावू नयेत म्हणून ती तुकडे करून कापतात.

आता यातील विसंगती पाहावी. चिनी विद्वत्परंपरेचा छंद असलेल्या मेजीकालीन रसिकांस नक्षीदार घाटांपेक्षा डोंगरकड्यावरील झाडाचे स्वाभाविक रूप प्रिय होते. ती स्वाभाविकता बारीकसारीक, अनियमित वळणांत असते, आणि अशी वळणे फांदीच्या प्रत्येक बिंदूवर देण्याची मुभा दिली ती तारेने. जे रूप आपण निसर्गाचे म्हणून वाखाणतो, त्यामागे बऱ्याच अंशी कारखान्यातील धातू आहे. अर्थात तार हा एकच मार्ग नव्हे. दक्षिण चीनमधील लिंगनान शैलीच्या कलावंतांनी विसाव्या शतकात केवळ कात्रीच्या बळावर, फांदी वाढू देणे व कापणे या क्रमाने, तितकेच जिवंत रूप साधले. तेथील उष्ण हवेत झाड झपाट्याने वाढते, म्हणून हे शक्य झाले. आपल्याकडील वड-उंबरांवर पावसाळ्यात लावलेली तार काही आठवड्यांतच रुतू लागते. महाराष्ट्रातील छांदिष्टांनी जपानी पुस्तकांइतकाच लिंगनानचाही अभ्यास करावयास हवा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तार म्हणजे झाडास घातलेली बेडी, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. येथे जपानी क्रियापद उद्बोधक आहे. तार लावण्यास 'हारिगाने ओ काकेरु' म्हणतात. हेच 'काकेरु' चष्म्यास, कुलपास, भिंतीवरील चित्रास आणि दूरध्वनीसही चालते. या चारही ठिकाणी मराठीत आपण 'लावणे' हेच क्रियापद वापरतो, इतके हे साम्य नेमके आहे. 'बांधणे' या अर्थाचे निराळे क्रियापद जपानीत आहे, पण ते येथे येत नाही. जे लावले ते काढावयाचे असते, हे दोन्ही भाषांत गृहीत आहे. मराठी छांदिष्ट याला 'वायरिंग' म्हणतात, त्यात वीजजोडणीचा वास येतो आणि काढण्याची सूचना हरवते. 'तार लावणे' हा प्रयोग सरस ठरेल.

या काढण्यामुळेच इतिहासकाराची पंचाईत होते. खोडावर उरलेला तारेचा वळ हा दोष समजला जातो. चांगल्या कामाची खूण मागे राहतच नाही. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पंचपर्णी पाइन आहे. त्याची जोपासना १६२५ पासून चालत आली असे सांगतात. १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा ते स्फोटकेंद्रापासून सुमारे तीन किलोमीटरवर होते आणि वाचले. १९७६ मध्ये जपानने अमेरिकेस दिलेल्या ५३ वामनवृक्षांत ते तेथे गेले. त्याच्या आयुष्याची पहिली पावणेतीनशे वर्षे तारेच्या प्रसारापूर्वीची आहेत. आज त्याच्याकडे पाहून कोणते वळण दोरीचे, कोणते तारेचे आणि कोणते वाऱ्याचे, हे सांगता येत नाही.