रोबोता (शब्द)

रोबोता हा चेक भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘सक्तीचे श्रम’ म्हणजेच ‘वेठ’ असा आहे. जगभर रूढ झालेली ‘रोबोट’ ही संज्ञा याच शब्दापासून बनली.

व्युत्पत्ती

या शब्दाच्या मुळाशी ‘गुलाम’ या अर्थाचा प्राचीन स्लाव्हिक शब्द आहे. रशियन ‘राबोता’ या सगोत्र शब्दाला आज ‘काम’ एवढाच साधा अर्थ उरला आहे. ग्रीक ‘ऑर्फानोस’ (अनाथ) आणि संस्कृत ‘अर्भ’ (लहान, बालक) हे त्याचे दूरचे सगोत्र मानले जातात. मराठीतील ‘अर्भक’ हा शब्द या ‘अर्भ’शीच संबंधित आहे.

इतिहास

बोहेमियातील कुळांना जमीनदाराच्या शेतावर विनामोबदला राबावे लागे. ही पद्धत १८४८ मध्ये रद्द झाली. कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या नाटकातील कृत्रिम कामगारांसाठी ‘रोबोट’ हे नाव त्यांचे बंधू योसेफ यांनी सुचवले. नाटकात हे कामगार माणसांविरुद्ध बंड करतात.

मराठीतील समांतर शब्द

मराठी ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून, तर ‘बिगार’ फारसीतून आला. भारतात वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने नष्ट करण्यात आली; ‘वेठीस धरणे’ या वाक्प्रचारात मात्र ती सक्ती टिकून आहे.

चेक प्रजासत्ताकातील स्कोडा कंपनीचा मोटार कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा येथे २००१ मध्ये सुरू झाला. मोटार उद्योगात आज सांधणी व रंगकाम बहुधा रोबोट करतात. त्यांना मराठीत ‘यंत्रमानव’ म्हणतात. मूळ शब्दातील वेठ या प्रतिशब्दात उरलेली नाही.