मुलकोवालची बाटली : हाफकिन प्रकरणातील प्रयोगशाळा-सुरक्षा व संशोधननीती

प्रस्तावना

प्रयोगशाळेतील सुरक्षितता आणि संशोधनातील नीती यांचा विचार बहुधा अलीकडच्या नियमावल्यांपासून सुरू केला जातो. वस्तुतः मुंबईतील एका प्रयोगशाळेच्या इतिहासात हे दोन्ही प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एकाच वेळी उभे राहिले होते. परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव सर्वपरिचित आहे. परंतु ज्या प्रकरणामुळे हाफकिन यांना ही प्रयोगशाळा सोडावी लागली, त्याची चर्चा मराठीत फारशी होत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. ऑक्टोबरमध्ये वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक खोली आणि एक ओटी, एक कारकून व तीन शिपाई एवढ्याच सामग्रीवर त्यांनी काम आरंभिले. मांसरसावर तुपाचे थेंब सोडून जंतू वाढवावयाचे, उष्णतेने ते मारावयाचे आणि जपणुकीसाठी कार्बोलिक अ‍ॅसिड मिसळावयाचे, अशी ही पद्धत होती. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग होऊन ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी २ आजारी पडले व दोघेही वाचले. टोचल्याच दिवशी ज्यांना लक्षणे दिसली त्यांना या गणनेतून वगळण्यात आले होते. शास्त्रदृष्ट्या ते समर्थनीय होते. मात्र बंदिवासातील माणसाची ‘स्वेच्छा’ कितपत मुक्त असते, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारलेला दिसत नाही. स्वतःवर आधी प्रयोग करण्याची हाफकिन यांची सचोटी वादातीत आहे, पण तिने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

मुलकोवालची दुर्घटना

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९०२ मध्ये पंजाब सरकारने व्यापक लसीकरणाची मोहीम आखली आणि लसीची मागणी एकदम वाढली. उत्पादनाचा वेग वाढविण्यासाठी हाफकिन यांनी कृतीत बदल केला व कार्बोलिक अ‍ॅसिड गाळले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्याची पद्धत आधीच रूढ झालेली होती. ब्रिटिश वैद्यकीय अधिकाऱ्यांना ती अपरिचित होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचण्यात आली. आठवडाभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि सर्व १९ जण मरण पावले. या सर्वांना ‘५३ एन’ या एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. इतर चार बाटल्यांतील लस घेतलेल्या कोणासही धनुर्वात झाला नाही.

चौकशी व पुरावा

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळ येथे, ती दूषित झाली असावी, असा त्याचा निष्कर्ष निघाला. कार्बोलिक अ‍ॅसिड गाळण्याचा निर्णय हाफकिन यांच्यावर उलटला. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. शिवाय ओडेसाचे ज्यू होते. पुढे या प्रकरणाची तुलना फ्रान्समधील ड्रायफस खटल्याशी झाली, ती उगीच नव्हे.

वास्तविक पुराव्यातील दोन गोष्टी निर्णायक ठरावयास हव्या होत्या. बूच काढण्यासाठी वापरलेला चिमटा गावात जमिनीवर पडला होता, आणि मदतनिसाने तो ज्योतीत न धरता केवळ कार्बोलिक द्रावणात बुडवून पुन्हा वापरला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात व त्यांचे बीजाणू अशा ओझरत्या धुण्याने मरत नाहीत. दुसरे असे की, हे जंतू बाटलीत बरेच दिवस वाढले असते तर लसीस दुर्गंधी आली असती; बाटली उघडताना तशी दुर्गंधी आढळली नव्हती. लंडनच्या लिस्टर संस्थेचे मतही बाटली उघडताना ती दूषित झाली असावी, याच बाजूचे होते. आयोगाने परळच्या कृतीतील बदलास जेवढे वजन दिले, तेवढे गावातील चिमट्यास दिले नाही. सुरक्षिततेची साखळी प्रयोगशाळेच्या दारात संपत नाही, ती शेवटच्या सुईपर्यंत जाते. तिच्या शेवटच्या कडीची तपासणी येथे सर्वांत सैल राहिली.

तथापि हाफकिन यांची बाजू मान्य करूनही एक गोष्ट खटकते. जंतुनाशक गाळल्याने लसीची परिणामकारकता घटली नसेल, पण हाताळणीतील चूक पोटात घालणारा एक आधार निघून गेला. मोहिमेच्या घाईत, अपुऱ्या प्रशिक्षित हातांकडे लस जाणार असताना, त्याची पूर्वकल्पना वापरणाऱ्यांना पुरेशा स्पष्टपणे देणे आवश्यक होते. मागणी वाढविणाऱ्या सरकारवरही ही जबाबदारी येते. चौकशीचा रोख मात्र एका संशोधकावर राहिला.

मार्च १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी ‘नेचर’मध्ये हा विषय मांडला. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील प्राध्यापक डब्ल्यू. जे. सिम्प्सन यांनी पाठपुरावा केला आणि जुलैमध्ये रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांचे पत्र ‘टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाले. या संपूर्ण वादाच्या केंद्रस्थानी हाफकिन यांची प्रतिष्ठा होती. मुलकोवालचे १९ मृत त्यात बहुतांशी आकडा म्हणूनच येतात. नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिन यांना दोषमुक्त करण्यात आले. त्यांना पुन्हा नेमणूक मिळाली, ती कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत. परळला ते परतले नाहीत. १९०६ पासून ‘बॉम्बे बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव १९२५ मध्ये देण्यात आले.