‘कावीळ झाली होती काय, भाऊ?’

सन 1985. पऱ्हाटी वेचणीचे दिवस. तुम्ही वडनेरच्या फाट्यावर उभे आहात आणि सात नंबरच्या हायवेवरून हैदराबादकडचे ट्रक धूळ उडवत चालले आहेत. एका जीपमध्ये ओली बाळंतीण आडवी टाकली आहे, रक्त थांबत नाही. चढा मागे. हिंगणघाट मागे पडतं. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टर दोन बाटल्या रक्त मागतात. नवरा, दीर, भाऊ एकमेकांकडे बघतात. रक्त दिलं की माणूस खंगतो, ही धास्ती. मग कोणीतरी बाहेर ओट्यावर बसलेल्या माणसाकडे बोट दाखवतो. त्याच्या कोपराच्या खळगीत सुयांचे जुने वण आहेत. नोटा मोजून घेऊन तो आडवा होतो. कावीळ झाली होती का, हे त्याला कोणी विचारत नाही. विचारलं असतं तरी तो ‘नाही जी’च म्हणाला असता, खरं बोललं तर आजची कमाई बुडते. गट जुळतो, बाई वाचते. एचआयव्हीची तपासणी? तो विषाणू भारतात सापडायलाच अजून वर्ष आहे.

पुढे चला. 1989 मध्ये रक्ताची एचआयव्ही तपासणी सक्तीची झाली. 1996 मध्ये ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून रक्त विकण्यावर बंदी आली. 2001 मध्ये हिपॅटायटिस सी सक्तीच्या तपासण्यांच्या यादीत आला. या सगळ्यात मला रक्ताच्या बदल्यात नोटा मिळणं बंद होणं सर्वांत मोठं वाटतं. खोटं बोलण्याचं कारणच गेलं.

सगळं नाही गेलं म्हणा. आता आजच्या रक्तदान शिबिराच्या मांडवात या. खुर्चीत तुम्हीच आहात. वजन 45 किलोच्या वर, हिमोग्लोबिन 12.5 च्या वर. सिस्टर विचारते, ‘कावीळ झाली होती काय, भाऊ? वर्षभरात गोंदवलं काय?’ मागे मित्र उभे, फोटोची घाई. ‘हो’ जड जातं. पिशवीसोबत नमुना जाईल, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, गुप्तरोग सिफिलिस आणि मलेरिया तपासले जातील. पण लागण ताजी असेल तर काही दिवस, कधी काही आठवडे ती चाचणीत सापडत नाही. रक्त मात्र रोग देतं. थेट विषाणूचा अंश शोधणाऱ्या ‘नॅट’ चाचणीने ही फट अरुंद होते, बुजत नाही. नागपुरात 2022 मध्ये वारंवार रक्त घ्यावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्ही असल्याचं उघड झालं. त्यातलं एक दगावलं. आपल्या विदर्भात सिकलसेलची कितीतरी पोरं अशाच पिशव्यांवर जगतात.

म्हणून शंका असेल तर सिस्टरला बाजूला घेऊन सांगा. रक्त देऊन झाल्यावर आठवलं, तर रक्तपेढीला फोन करून आपली पिशवी वापरू नका म्हणा. आणि एचआयव्ही आहे का एवढंच बघायचं असेल, तर शिबिरात येऊ नका. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात जा. तिथे चाचणी फुकट होते आणि नाव गुप्त राहतं.