मुक्काम भांदक ऊर्फ भद्रावती

बदलीचा हुकूम हातात पडला की नोकरदार माणूस दोन गोष्टी करतो. आधी साहेबाला मनातल्या मनात शिव्या देतो आणि मग नकाशा काढतो. 1983 साली आमच्या बँकेने मला पुण्याहून भद्रावतीला धाडायचे ठरवले, तेव्हा पहिली गोष्ट मी यथासांग पार पाडली. दुसरी काही केल्या जमेना. कारण मुलाच्या शालेय नकाशात एकच भद्रावती होती आणि ती शिमोग्याच्या शेजारी, भद्रा नदीच्या काठी, पोलादाच्या कारखान्यासकट ठाण मांडून बसलेली. आमच्या हिने तर वाड्यातल्या कानडी आजींकडून 'ऊटा आयता?' एवढे वाक्य पाठसुद्धा करून टाकले. नव्या गावात पाऊल टाकल्या टाकल्या समोरच्याला 'जेवण झालं का?' असे विचारले की पुढचे आपोआप जमते, असे तिचे मत. (पुण्यात हा प्रश्न विचारला तर काय होते, हे सांगायला नको.)

शेवटी आमचे हेडक्लार्क म्हणाले, "अहो, ती नव्हे. चांद्याकडची." चांदा! 'चांद्यापासून बांद्यापर्यंत' ही शब्दावली मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धांत इतक्या वेळा फेकली होती, की चांदा हे खरोखरीचे गाव असून तिकडे माणसांच्या बदल्या होत असतील, असे कधी मनातच आले नव्हते. बांद्याला बदली होणारे भाग्यवान, तिथे निदान मासे तरी मिळतात.

तिकिटाच्या खिडकीवर कळले की भद्रावती नावाचे स्टेशनच त्या लाईनवर नाही. वर्ध्याहून बल्लारशाकडे निघाले की हिंगणघाट, वरोरा, माजरी आणि मग भांदक. हे भांदक म्हणजेच भद्रावती. गावाने पुढे आपले पुराणातले नाव परत घेतले, पण स्टेशनने भांदकच धरून ठेवले. त्यामुळे रात्रीच्या पॅसेंजरमधून येणारा नवखा माणूस भद्रावतीची पाटी शोधत शोधत सरळ चंद्रपूरला जाऊन उतरतो. आम्हाला एका सहप्रवाशाने वेळीच हलवून उठवले. "उतरा ना जी, भद्रावती आली," असे म्हणून त्याने बोट दाखवले ते 'भांदक' या पाटीकडे. माणूस मात्र इतका गंभीर होता, की पाटीच खोटी असावी असे वाटले.

सामानाला सहप्रवासी नव्हते. ते ज्या ट्रान्स्पोर्ट कंपनीच्या हवाली केले होते, तिने ते इमानेइतबारे शिमोग्याकडच्या भद्रावतीला पोचवले. तेवीस दिवस आम्ही सतरंजीवर काढले. खाट परत आली तेव्हा तिच्या पायांवर खडूने कानडी आकडे लिहिलेले होते. आमच्या घरात कानडी मुलूख पाहिलेली तेवढी एकच वस्तू. पुढे कळले, की त्या भद्रावतीचेही नाव पूर्वी बेंकीपूर होते. म्हणजे एका नाव बदललेल्या गावाचे सामान दुसऱ्या नाव बदललेल्या गावाला गेले, दोष द्यायचा तरी कोणाला?

घर लागले आणि नावांचा दुसरा अध्याय मंडईत सुरू झाला. हिने कोथिंबीर मागितली. भाजीवाली म्हणाली, "काहून बाई, ते काय असते?" हिने समोरच्या जुडीकडे बोट दाखवले. "असं, सांबार पायजे म्हना ना!" त्या दिवशी आम्हाला उलगडा झाला, की इथे सांबार जुडीने मिळतो. टोमॅटोला भेदरं म्हणतात, बटाट्याला आलू, आणि ज्या पातेल्यात हे सगळे शिजवायचे त्याला गंज. पहिल्या महिन्यात 'गंज आणा' असे शेजारीण म्हणाली, तेव्हा माझ्या डोळ्यासमोर खिडकीचे लोखंडी गज आले होते. भाषा मराठीच, पण आमची मराठी तिच्यापुढे पाहुण्यासारखी अंग चोरून बसलेली.

माणूस असा नावांनी बेजार झाला की इतिहासाकडे वळतो. शाखेच्या वेळेनंतर करमणूक म्हणाल तर भद्रनागाचे देऊळ, डोलारा तलाव आणि विजासनची लेणी. तेव्हा मी गावाच्या नावाचा माग काढायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात लक्षात आले, की पत्त्याचा हा घोळ आमच्यापासून सुरू झालेला नाही. तो निदान तेराशे वर्षे चालू आहे.

गावकऱ्यांच्या मते तर त्याहून जुना. धर्मराजाच्या अश्वमेधाला श्यामकर्ण घोडा हवा होता, तो यौवनाश्व राजाच्या भद्रावती नगरीत होता आणि भीमाने येऊन तो नेला, अशी जैमिनीच्या अश्वमेधाची कथा. ती भद्रावती हीच, असे इथे लहान पोरही सांगते. बाहेरून यायचे, इथली चांगली वस्तू पाहायची आणि घेऊन जायचे, या परंपरेचे मूळपुरुष म्हणून भीमसेनाचे नाव लावायला हरकत नाही. त्यातल्या त्यात भीमाचे एवढे बरे, की तो लढून घेऊन गेला.

सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी प्रवासी कोसल देशात येऊन गेला. राजधानीचे वर्णन त्याने केले, पण आताच्या पोस्टाला चालेल असा पत्ता काही दिला नाही. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज पंडितांची चंगळ झाली. कोणी ती राजधानी चांद्याला नेली, कोणी भांदकला, कोणी वैरागडला. आता बहुतेकांचा कल छत्तीसगडातल्या सिरपूरकडे आहे. म्हणजे काही काळ आमच्या गावाला राजधानीचा मान मिळाला होता, आणि तो आमच्या खाटेसारखा दुसऱ्या पत्त्यावर रवाना झाला.

अलेक्झांडर कनिंगहॅम हे पुराणवस्तू खात्याचे पहिले प्रमुख. 1873 ते 75 च्या दौऱ्यांत ते मध्यप्रांतात हिंडले आणि भांदकलाही आले. विजासनच्या टेकडीत एक लांब बोळ सरळ सत्तरेक फूट आत कोरत नेलेला आहे, त्याच्या टोकाला बुद्धाची भव्य बैठी मूर्ती, आणि शिवाय बाजूला फुटणारे आणखी दोन बोळ. हे त्यांनी मोजून लिहिले. डोलारा तलावातल्या बेटाकडे जाणारा, दगडी खांबांवर प्रचंड शिळा टाकून केलेला पूल त्यांनी पाहिला. त्या लेण्यात मी प्रथम गेलो तेव्हा बाहेर सेहेचाळीस डिग्री होते, आणि आत पाऊल टाकल्यावर वाटले, भिक्षूंनी ही जागा ध्यानासाठी निवडली हे म्हणणे आपल्या जागी ठीक, पण त्यातला एखादा तरी मे महिन्यात बदलून आलेला असला पाहिजे.

माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा पुरावा म्हणजे भांदकला सापडलेले ताम्रपट. शके 694, म्हणजे इसवी सन 772. राजा राष्ट्रकूट कृष्ण पहिला, ज्याने वेरूळचे कैलास लेणे खोदवले तोच. एवढ्या थोर राजाचे दानपत्र आपल्या गावात मिळाले म्हणून मी हरखून वाचायला घेतले, तर दान यवतमाळकडच्या एका सूर्यमंदिराला! पत्रे इथे, देवळाची जागा तिथे. बाराशे वर्षांपूर्वीही आमच्या गावी दुसऱ्याच्या नावाची डाक येत होती.

नवे लोक आले तेही आपापल्या नावाची पेटी घेऊन. इंग्रजांना कोळसा दिसला, त्यासाठी आगगाडी आधी वरोऱ्यापर्यंत आली आणि मग पुढे सरकली. 1962 च्या चीन-युद्धानंतर दारूगोळ्याचा कारखाना आला. तो उभा भद्रावतीत, पण नाव 'आयुध निर्माणी चांदा'. बरे, चांदा म्हणावे तर साठीच्या दशकात चांद्याचेच चंद्रपूर झाले. कारखान्याने चांदा सोडले नाही. 2021 साली देशातले सगळे आयुध कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले आणि चांदा पुण्याच्या मुख्यालयाखाली गेले. माझा उलटा प्रवास असा अखेर कोणीतरी केला.

या सगळ्यांत एक माणूस वेगळा. कृष्णमूर्ती मिरमिरा. दक्षिणेकडले नाव, गांधींच्या वाटेचा माणूस. पन्नाशीच्या दशकात त्यांनी इथे ग्रामोदय संघ उभा केला आणि कुंभारांच्या चाकाला नवी भट्टी, नवी झिलई, नवे घाट दिले. बाकीचे आले ते जमिनीखालचे काढून नेण्यासाठी. याने जमिनीवरची माती घेतली आणि ती इथल्याच माणसांच्या हातात दिली. हिने तिथून एक बरणी आणली. लोणच्याची. ती शिमोग्याला गेली नव्हती, म्हणून अजून शाबूत आहे.

पण मला खरा इतिहास शिकवला तो बँकेच्या काउंटरवर. एक म्हातारबाबा खाते उघडायला आले. अर्ज मी भरत होतो. "बाबा, जन्म कुठला?"

"भांदक. जिल्हा चांदा. मध्यप्रांत लिवा जी."

"लग्न?"

"मध्यप्रदेशात." साल 1951.

मुलांची नावे वारस म्हणून घालायची होती. थोरला 1957 चा, मुंबई राज्यातला. धाकटी 1961 ची, महाराष्ट्रातली. मी पेन खाली ठेवले. "बाबा, नोकरी फिरतीची होती का?"

"नाय जी. तेच घर हाय. तेच दार. मी कोठी गेलोच नाय."

मी तपासून पाहिले, एकूण एक खरे होते. 1950 पर्यंत मध्यप्रांत-वऱ्हाड, मग मध्यप्रदेश, 1956 च्या नोव्हेंबरपासून द्विभाषिक मुंबई, 1960 च्या 1 मेपासून महाराष्ट्र. गावाचे नाव वेगळे, जिल्ह्याचे वेगळे. एका बदलीने मी सहा महिने कुरकुरत होतो. या गृहस्थाच्या तीन बदल्या झाल्या होत्या, ओसरीवरून न उठता, भत्त्याशिवाय. मी त्यांना चहा पाजला. एरवी आमच्या शाखेत खातेदाराला पाणी मिळायचीही मारामार.

पुढे माझी परत बदली आली, ती मी टाळली. मुलगी इथल्या शाळेत रमली होती आणि हिला आता पुण्यात सांबार मागितला तर वाटीत गरम पातळ काहीतरी मिळते याची चीड येऊ लागली होती. 1997-98 च्या सुमाराला भद्रावतीत एक अजब यंत्रणा उभी राहिली. देशाच्या पश्चिमेचे विजेचे जाळे आणि दक्षिणेचे जाळे एका तालात चालत नसत. थेट जोडावे तर दोन्हीकडे घात. म्हणून मध्यस्थ बसवला. एका बाजूची वीज घ्यायची, तिचा उलटसुलट वाहणारा प्रवाह सरळ एकदिश करायचा, आणि पलीकडच्या तालात पुन्हा उलटसुलट करून सोडायचा. एक हजार मेगावॅट! दोन रुसलेल्या व्याह्यांना तिसऱ्याच्या घरी भेटवावे तसे हे काम. 2013 च्या 31 डिसेंबरला दक्षिण देशाच्या तालात आली, तोवर अशा मध्यस्थांवाचून गत्यंतर नव्हते. अर्धा देश उरलेल्या देशाशी आमच्या गावात हस्तांदोलन करी, तेव्हा आम्ही भारनियमनात कंदील पुसत बसलेले असू.

त्याच दशकात मोठ्या वीज प्रकल्पासाठी गावालगतच्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. कंपनी देशी, नाव मात्र जपानी: निप्पॉन डेन्रो. प्रकल्प काही आला नाही. शेते गेली ती गेलीच. पऱ्हाटी जिथे फुटायची तिथे बाभळी वाढल्या आणि लोक त्या माळाला 'निप्पॉन' म्हणू लागले. ज्यांनी जपान नकाशातही पाहिला नव्हता, त्यांच्या वडिलोपार्जित वावराचे हे नवे नाव.

म्हातारबाबांचा थोरला मुलगा एकदा मोबदल्याच्या तंट्याचे रजिस्टर पाकीट घेऊन वाचून घ्यायला आला. वडील तेव्हा वारलेले. आतला मजकूर नेहमीचाच होता, 'आपला अर्ज विचाराधीन आहे' छापाचा. मी पाकीट उलटवून पत्ता पाहिला. 'निप्पॉनजवळ, भद्रावती, स्टेशन भांदक, जि. चंद्रपूर.' पोस्टमनने ते दुसऱ्याच दिवशी बरोबर दारात आणून दिले होते.