चौलचे माग



रेवदंड्यास मनुष्य जातो तो समुद्र पाहावयास. अलिबागेपासून गाव अवघे १७ किलोमीटर. एस.टी.तून उतरावे, नारळीपोफळीच्या वाड्यांतून पुळणीवर जावे, आणि सायंकाळी परतावे. ज्या तटाच्या आत आपण हिंडलो तो पोर्तुगीजांच्या चौल शहराचा तट होता, हे पुष्कळांच्या ध्यानीही येत नाही. गेल्या पौषात मी गेलो तो मात्र समुद्रासाठी नव्हे. माझ्याबरोबर युनियनचे दोन तरुण कार्यकर्ते होते. त्यांपैकी एक भिवंडीचा यंत्रमाग कामगार.

चौल हे बंदर फार जुने. टॉलेमीने त्यास सिमुल्ला म्हटले, अरबांनी सैमूर. मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी येथे येऊन गेला. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी येथेच जहाजातून उतरला, तोही विकण्यासाठी एक घोडा बरोबर घेऊन! रेवदंड्याच्या शाळेत त्याचा स्मारकस्तंभ आहे. पुढे १५०८ साली खाडीच्या तोंडाशी इजिप्तच्या व दीवच्या आरमाराने पोर्तुगीजांना गाठले. त्या लढाईत व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु द आल्मेदा पडला. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने शहरास कित्येक महिने वेढा दिला, पण ते त्याच्या हाती लागले नाही. अखेर १७४० साली चौल मराठ्यांकडे आले.

एवढा इतिहास कोणत्याही पुस्तकात सापडतो. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. बाकीचे वाचनालयाच्या कृपेने. तेथेच गॅझेटियर चाळताना मला निराळेच चौल भेटले. १५८३ च्या सुमारास गोव्यास आलेल्या लिन्स्कोटेन या डच माणसाने चौलच्या रेशीमधंद्याचे वर्णन केले आहे. कच्चे रेशीम चीनहून यावे, ते येथे विणले जावे आणि कापड देशभर खपावे, असा तो व्यवहार. हे विणकर वरच्या, म्हणजे पोर्तुगीज तटाबाहेरच्या चौलात राहत. वेढे पडत, उठत, आणि माग पुन्हा चालू होत. तोफांनी जे झाले नाही ते पुढे दुसऱ्याच मार्गाने झाले. १६६८ साली मुंबई कंपनीच्या ताब्यात गेली, आणि चौलचे विणकर तिकडे जाऊ लागले. त्यांच्या वस्तीसाठी मुंबईत एक रस्ता बांधविला गेल्याची नोंद आहे. बंदराच्या ऱ्हासाची कारणे आणखीही आहेत. पण ज्या दिवशी विणकराने बिऱ्हाड हलविले, त्या दिवशी चौलचे शहरपण गेले, असे मी समजतो.

हे वाचून मला माझे वडील आठवले. ते लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली. त्यांतील पुष्कळजण पुन्हा आत गेलेच नाहीत. वडील भिवंडीस यंत्रमागावर गेले. पाळी बारा तासांची आणि मजुरी निम्मी. कापड काही थांबले नव्हते. ते दुसऱ्या गावी विणले जात होते, इतकेच. वडिलांना चौल दाखवावे असे फार मनात होते. ते राहून गेले.

कुंडलिकेच्या पुलावरून साळावला उतरून आम्ही कोर्लईस गेलो. समुद्रात घुसलेल्या डोंगरावर किल्ला आहे. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून जिंकला. पायथ्याच्या गावात आजही सुमारे हजार माणसे मराठी मिसळलेली एक पोर्तुगीज बोली बोलतात आणि तिला ‘नौलिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. १७४० नंतर साहेब गेले, गरीब ख्रिस्ती कुळे शेत धरून मागे राहिली. ज्यांना कोणी बरोबर नेले नाही त्यांनीच मालकांची भाषा पावणेतीनशे वर्षे सांभाळली, ही गंमत पाहा!

धक्क्यावर एका खलाशाशी मी वाट्याची गोष्ट काढली. ही माझी जुनी खोड. डिझेल आणि बर्फ आधी वजा, मग होडीचा वाटा, आणि उरेल ते माणसांचे. मासळी न मिळाल्यास उरते काय, हे मी विचारले नाही. तो जाळे शिवीत होता आणि त्याने मान वर केली नव्हती.

उन्हे उतरताना किल्ल्यावर चढलो. पलीकडच्या तीरावर चौल-रेवदंड्याच्या जागी माडांचे हिरवे रान तेवढे दिसत होते. मी मुलांना त्या विणकरांची हकीगत सांगितली. भिवंडीचा तरुण बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “काका, ते मुंबईला गेले तेव्हा इथल्या व्यापाऱ्यांकडे त्यांची मजुरी थकलेली असेल. ती त्यांना मिळाली का हो?”

मी वाचलेल्या कोणत्याही पुस्तकात ते लिहिलेले नाही, असे मी त्यास सांगितले.