कारणे द्या : गिरणगावातली मुले बदलापूरला का गेली?

या स्मरणिकेसाठी आपल्या १९९६च्या तुकडीचे पत्ते जमवण्याचे काम माझ्याकडे आले. शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये लालबाग, परळ, करी रोड, नायगाव असे पत्ते होते. नव्या यादीत डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेल. "महागाई, दुसरे काय!" असे बहुतेकांनी फोनवर सांगितले. आपल्या इतिहासाच्या बाईंना हे उत्तर चालले नसते. 'कारणे द्या' या प्रश्नाला त्यांना साल लागे आणि निर्णय कोणी घेतला तेही लागे. म्हणून हा प्रयत्न.

१८९६ साली मांडवीत प्लेग सुरू झाला. दाट, कोंदट वस्ती हे त्याचे कारण मानून सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंग्याच्या वसाहती ही त्याची देणगी. पण सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. हटवलेली माणसे शेजारच्या चाळींत अधिक दाटीने राहू लागली.

१९२० साली गव्हर्नर लॉइड यांच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंट सुरू झाले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या आणि त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसावर गाठीमागे १ रुपया कर घ्यायचा, असा बेत होता. प्रत्यक्षात २०७ चाळी आणि सुमारे १६,००० खोल्या झाल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. १६० चौरस फुटांची खोली, उजेड बेताचा. वरळीच्या काही चाळी तर इतक्या रिकाम्या राहिल्या की कायदेभंगाच्या चळवळीत त्यांचा तुरुंग करण्यात आला. दोष अनेक होते. तरी रोजंदारीवरच्या माणसाला भाड्याचे घर मिळावे ही जबाबदारी सरकारने स्वतःकडे घेतली होती, आणि पुढे त्याच खोल्यांत तीन-तीन पिढ्या वाढल्या.

१९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे १९४०च्या पातळीला बांधून ठेवले. युद्धानंतरच्या टंचाईत ते गरजेचेच होते. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा अर्धशतक टिकला. राहणाऱ्याला संरक्षण मिळाले. मालकाने मात्र डागडुजी सोडली, पागडी रुजली आणि भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधणे जवळपास थांबले. मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी १९६९ साली सरकारलाच दुरुस्ती मंडळ काढावे लागले. नव्याने शहरात येणाऱ्याला झोपडपट्टी किंवा लांबचे उपनगर एवढेच उरले.

मग १९८२चा संप. गिरण्यांची जागा सुमारे ६०० एकर, तीही शहराच्या मध्यावर. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला : गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. आपल्या आईवडिलांच्या पिढीला गिरणगावातच घर मिळण्याची ही खरी संधी होती.

२००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची नव्हे, फक्त 'मोकळ्या' जमिनीची करायची. ज्या जागेवर बांधकाम होते ती यातून वगळली. गिरणीच्या आवारात तर सगळीकडे शेडच. प्रोग्रॅममध्ये एका व्हेरिएबलची व्याख्या बदलली की पुढचा सगळा हिशेब बदलतो, हे माझ्या रोजच्या कामातले आहे. इथे तसेच झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली लोकांच्या बाजूने निकाल दिला, पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली ती जेमतेम सात हजार घरांची. अर्ज लाखाच्या वर होते.

माझे ऑफिस आज अशाच एका गिरणीच्या जागेवर आहे. तिथे साफसफाई करणाऱ्या मावशी पहाटे नालासोपाऱ्याहून निघतात. शहराला त्यांचे काम हवे आहे, पण त्यांना भाड्याने राहता येईल असे घर त्या कामाच्या आसपास बांधण्याची जबाबदारी आज कोणाचीच नाही. बीडीडीच्या रहिवाशांना आता ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत, याचा आनंदच आहे. पण ती जुन्या रहिवाशांची घरे. उद्या कामासाठी येणाऱ्याचे काय, हा प्रश्न १८९८ इतकाच उघडा आहे.

आपली शाळा रिकामी होत गेली त्याचे कारण फक्त इंग्रजी माध्यम नाही, हे मला या यादीने शिकवले. शाळेच्या हाकेच्या अंतरावर राहणारी मुलेच उरली नाहीत. विकास आराखड्यात बदल करताना आजही हरकती-सूचना मागवाव्या लागतात. आपल्यात वकील आहेत, पालिकेत नोकरी करणारे आहेत, पत्रकार आहेत. अशी नोटीस दिसली तर मुदत संपण्याआधी आपल्या ग्रुपवर टाका. त्यातल्या व्याख्या वाचण्याचे काम मी घेते.